एका ओळीची बिल्टी

गोंदिया हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील एक मोठे जंक्शन आहे. येथून एक फाटा उत्तरेस बालाघाटकडे जातो आणि दुसरा दक्षिणेस नागभीडमार्गे बल्लारशाहकडे जातो. जिल्ह्यातील गिरण्यांत भरडलेला तांदूळ कित्येक वर्षांपासून या गावाहून दूरदूरच्या बाजारपेठांत जात आला आहे. माल रवाना करताना एक लहानसा कागद तयार होतो. व्यापारी त्याला बिल्टी म्हणतात. माल कोणता, तो कोठून निघाला आणि कोठे पोचवावयाचा, एवढ्याच गोष्टी तीत मुख्यत्वेकरून लिहिलेल्या असतात. कागद दिसावयास अगदी साधा. पण त्यावर गावाचे नाव चुकले, तर शंभर कट्टे भलत्याच स्थानकावर उतरतात आणि धनी इकडे वाट पाहत बसतो.

एका संगणकातील माहिती दुसऱ्या संगणकाकडे धाडावयाची असली, म्हणजेही अशीच बिल्टी लिहावी लागते. ती कागदावर नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर, आणि तीही एकाच ओळीत लिहिता येते. ही ओळ कशी लिहितात, तीत कोठे चूक होण्याचा संभव असतो आणि वाटेत खंड पडला तर काय करावयाचे, हे समजून घेण्यासारखे आहे.

कट्टे आणि माहिती यांच्यातील एक भेद मात्र आरंभीच ध्यानात ठेवला पाहिजे. कट्टा गोंदियाहून निघाला, की तो गोंदियात उरत नाही. माहितीचे तसे नाही. संगणकात साठविलेल्या लेखाला, चित्राला किंवा आवाजाला फाईल असे म्हणतात. कोणतीही फाईल म्हणजे अंकांची एक लांबलचक माळ होय. ती पाठविणे म्हणजे एका संगणकाने ती माळ वाचून दाखविणे आणि दुसऱ्याने ती जशीच्या तशी उतरवून घेणे. मूळ माळ जागच्या जागी राहते. म्हणून या कामाला पाठविणे न म्हणता नक्कल उतरविणे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या कामाचे मोल एका उदाहरणावरून कळेल. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच पक्षी होय. राखी अंग, तांबडे डोके आणि जवळजवळ माणसाएवढी उंची, असे त्याचे रूप आहे. महाराष्ट्रात तो आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात व त्याच्या आसपास उरला आहे, आणि तोही अगदी मोजका. धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या आणि नदीकाठ ही त्याची राहण्याची ठिकाणे. मादी बहुधा दोनच अंडी घालते. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी पक्षिमित्र, वन खात्याचे लोक आणि गावकरी मिळून या पक्ष्यांची गणना करतात. बाघ नदीच्या अलीकडे गोंदिया जिल्हा, तर पलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आहे. पक्ष्याला ही सीमा ठाऊक नसते. सकाळी अलीकडच्या तीरावर दिसलेली जोडी तासाभराने पलीकडे जाऊन चरू लागते. तेव्हा किती सारस दिसले, याबरोबरच ते कोणत्या वेळी दिसले, हेही काटेकोरपणे नोंदवावे लागते. नाही तर एकच जोडी दोनदा मोजली जाईल. जेथे पक्षीच थोडे, तेथे दोघांचे चार होणे ही लहान चूक नव्हे.

आता असे समजू, की नदीकाठच्या एका गावात गणना करणाऱ्या गटाने आपली नोंद व छायाचित्रे तेथील शाळेच्या संगणकात भरली आहेत. अशाच नोंदी दहा गावांहून यावयाच्या असून त्या गोंदियातील एका संगणकात जमा व्हावयाच्या आहेत. गावात इंटरनेट आहे. पण ते मंद आहे आणि वारा सुटला की तुटते. पेनड्राइव्ह खिशात घालून एसटीने गोंदियास जाणे हा एक मार्ग आहेच, आणि तो मुळीच तुच्छ मानू नये. मोठा साठा न्यावयाचा असेल, तर आजही पुष्कळदा तोच मार्ग जलद ठरतो. परंतु नोंद रोज पाठवावयाची असेल, तर रोज कोणी एसटीने जावयाचे?

संगणकाला चित्रे दाखवून व पडद्यावरील बाण हलवून काम सांगण्याची सोय पुढे सर्वत्र झाली. त्यापूर्वी संगणकाला जे सांगावयाचे ते शब्दांत लिहून सांगत. लिहिलेल्या या शब्दांना आज्ञा म्हणतात आणि त्या जेथे लिहितात, त्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. बहुधा काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, असे तिचे रूप असते. तिच्यात ना चित्र, ना बटण. नवख्या माणसाला ती पाहून बिचकल्यासारखे होते. पण तिचा एक मोठा गुण आहे. चित्रे दाखवावयाची नसल्यामुळे ती फारच थोड्या सामग्रीत चालते, आणि आज लिहिलेली ओळ उद्या जशीच्या तशी पुन्हा वापरता येते.

टर्मिनलमधून फाईल धाडण्याची कल्पना नवी नाही. या देवघेवीचे नियम १९७१ च्या एप्रिल महिन्यात अभय भूषण या भारतीय तरुणाने लिहून प्रसिद्ध केले. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. त्या वेळी ते अमेरिकेत एमआयटी या संस्थेत होते. त्यांच्या या नियमांना एफटीपी असे नाव पडले आणि पुढे कित्येक वर्षे जगातील संगणक या नियमांनी एकमेकांशी व्यवहार करीत राहिले. त्याच दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यूयूसीपी नावाचे आणखी एक साधन तयार झाले. ते साध्या दूरध्वनीच्या तारेवर चाले. तारेच्या दोन्ही टोकांना मोडेम नावाचे यंत्र असे. इकडचे यंत्र अंकांचे आवाज करी आणि तिकडचे यंत्र आवाजांचे पुन्हा अंक करी. अमेरिकेत रात्री दूरध्वनीचे दर कमी असत. म्हणून तेथील संगणक दिवसभराच्या फाईली साठवून ठेवीत आणि माणसे झोपल्यावर एकमेकांना दूरध्वनी करीत!

महाराष्ट्रात हेच साधन मुंबईस प्रथम नावारूपास आले. जुहू येथे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. श्रीनिवासन रमणी हे तिचे संचालक होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट नावाची योजना हाती घेतली होती. देशातील आठ संस्थांचे संगणक परस्परांना जोडावयाचे, असा तिचा उद्देश होता. त्या योजनेत १९८७ च्या सुमारास जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये दूरध्वनीच्या तारेवरून पत्रांची देवघेव सुरू झाली. पुढे १९९१ च्या जानेवारीत दिल्ली व मुंबई यांना जोडणारी खास तार मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० अंक एवढा होता. एका अक्षराला आठ अंक लागतात असे धरले, तर सेकंदाला १,२०० अक्षरे झाली. आजच्या मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्र सहज ३० लाख अक्षरांएवढे भरते. त्या तारेवरून ते एकच छायाचित्र जावयास जवळजवळ ४२ मिनिटे लागली असती. एवढ्या अरुंद वाटेवरून देशातील विद्वानांचा पत्रव्यवहार चालत होता, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. सर्वसामान्य लोकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

एफटीपीच्या जुन्या रीतीत एक मोठा दोष होता. दुसऱ्याच्या संगणकात शिरावयाचे, तर परवलीचा शब्द सांगावा लागतो. हा शब्द पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे उघडा जात असे. वाटेत कोणी कान देऊन बसला असेल, तर त्याला तो आयताच मिळे. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात नेमके हेच घडले. परवलीचे शब्द टिपून घेणारा एक प्रोग्रॅम कोणी तरी तेथे दडवून ठेवल्याचे उघडकीस आले. तेथील तातू इलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच हे नवे साधन त्याच वर्षी तयार केले. त्यात दोन संगणकांमधील सर्व बोलणे सांकेतिक लिपीत चालते. वाटेत कोणी ते ऐकले, तरी त्याला निरर्थक अंकांशिवाय काही हाती लागत नाही. याच एसएसएचच्या आधाराने फाईल धाडण्याची जी आज्ञा निघाली, तिचे नाव एससीपी. पहिले अक्षर ‘सुरक्षित’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आणि पुढील दोन ‘कॉपी’चे. लिनक्स व मॅक या प्रणालींत ही आज्ञा पूर्वीपासून आहे. २०१८ पासून ती विंडोजबरोबरही येऊ लागली.

आता आपल्या गावातील नोंद गोंदियास कशी धाडावयाची ते पाहू. त्यासाठी लिहावयाची ओळ अशी :

एससीपी बाघ-नोंद.टीएक्सटी सारस@गोंदिया:गणना/

वाचण्याच्या सोयीसाठी ही ओळ येथे देवनागरीत दिली आहे. पडद्यावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहितात. ‘गोंदिया’ हे तेथील संगणकाला ठेवलेले नाव समजावे. हा संगणक चालू असला पाहिजे आणि येणाऱ्यास दार उघडणारा एसएसएचचा पहारेकरी प्रोग्रॅम त्याच्यात जागा असला पाहिजे, हे उघडच आहे.

या ओळीत मोकळ्या जागांनी वेगळे झालेले तीन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे काम : नक्कल उतरव. दुसरा भाग म्हणजे माल : ‘बाघ-नोंद’ या नावाची फाईल. तिसरा भाग म्हणजे मुक्कामाचा पत्ता. या पत्त्यात पुन्हा तीन गोष्टी आहेत. ‘@’ या चिन्हाच्या आधी त्या संगणकावरील खातेदाराचे नाव, त्यानंतर संगणकाचे नाव, आणि विसर्गासारख्या दिसणाऱ्या दोन टिंबांनंतर त्या संगणकातील कप्प्याचे नाव. दुसरा व तिसरा भाग यांची अदलाबदल केली, म्हणजे माल कोठे आहे तेथे गोंदियाचा पत्ता व मुक्कामाच्या जागी आपला कप्पा लिहिला, तर हीच आज्ञा फाईल गोंदियाहून गावाकडे आणते.

ओळ लिहून एंटरची कळ दाबली, की पहिल्या खेपेस पलीकडील संगणक आपली ओळख सांगतो. ती ओळख म्हणजे अक्षरे व अंक यांची एक लांब मालिका असते. तिला बोटाचा ठसा असे म्हणतात. हा ठसा मान्य आहे काय, असा प्रश्न पडद्यावर येतो. बहुतेक लोक न वाचताच होकार देतात. वास्तविक गोंदियास दूरध्वनी करून तो ठसा पडताळून पाहावयाचा असतो. कारण गोंदियाचे सोंग घेऊन दुसराच कोणी संगणक मध्ये उभा नाही ना, याची खात्री पटण्याचा तेवढाच एक क्षण असतो. पुढील वेळी आपला संगणक तो ठसा स्वतःच ओळखतो, आणि तो बदललेला दिसला तर मोठ्याने तक्रार करतो. ओळख पटल्यावर परवलीचा शब्द विचारला जातो. तो लिहीत असताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कळफलक बिघडला, असे समजून कित्येक जण तेथेच थांबतात. पण शब्दाची लांबीही शेजाऱ्यास कळू नये, म्हणून मुद्दामच ही व्यवस्था केलेली असते. यानंतर फाईलचे नाव, शेकडा किती भाग गेला, वेग किती आणि वेळ किती उरला, हे सांगणारी एक ओळ पडद्यावर सरकू लागते. ती शंभरावर पोचली, की नक्कल उतरली.

इतक्या सोप्या कामात चूक ती काय व्हावयाची, असे वाटणे साहजिक आहे. पण संगणक मनातले ओळखत नाही; तो लिहिलेले वाचतो. पत्त्यातील ती दोन टिंबेच पाहा. ती आहेत म्हणून संगणकास कळते, की माल परगावी जावयाचा आहे. ती गाळून कोणी नुसतेच ‘सारस@गोंदिया’ असे लिहिले, तर संगणक कुरकूर करीत नाही. तो आपल्याच पोटात ‘सारस@गोंदिया’ या नावाची एक नवी फाईल तयार करतो, तीत नोंदीची नक्कल ठेवतो आणि स्वस्थ बसतो. परवलीचा शब्दही विचारला गेला नाही, याकडे ज्याचे लक्ष जाईल त्यालाच शंका येईल. बाकीचे लोक काम झाले म्हणून घरी जातील, आणि गोंदियात काहीच पोचलेले नसेल.

फाईलच्या नावात मोकळी जागा सोडली, तर दुसरी अडचण उभी राहते. ‘बाघ नोंद’ असे दोन शब्द लिहिले, की संगणक त्यांना दोन निरनिराळ्या फाईली समजतो आणि अशा फाईली नाहीत, असे कळवितो. ही चूक लगेच उघड होते, म्हणून ती फारशी घातक नाही. घातक चूक ती, जी बोलत नाही.

अशी सर्वांत घातक चूक नावांच्या सारखेपणातून होते. समजा, दहाही गावांच्या गटांनी आपल्या फाईलीस नुसते ‘नोंद’ असेच नाव दिले. सकाळी पहिल्या गावाची ‘नोंद’ गोंदियातील कप्प्यात पोचली. दुपारी दुसऱ्या गावाची ‘नोंद’ निघाली. त्या कप्प्यात याच नावाची एक फाईल आधीच आहे, हे एससीपीला दिसते. पण ती विचारीत नाही. जुनी फाईल पुसून तिच्या जागी ती नवी फाईल ठेवते. सायंकाळी कप्प्यात दहा नोंदी असावयास हव्यात. असते फक्त एक, दहाव्या गावाची. रेल्वेत असे कधी घडत नाही. एका कट्ट्यावर दुसरा कट्टा ठेवला, म्हणून खालचा नाहीसा होत नाही. संगणकात मात्र होतो. नऊ गावांचे सारस अशा रीतीने एका दुपारीत कागदावरून उडून जाऊ शकतात. यावर उपाय अगदी साधा आहे : फाईलच्या नावातच गावाचे नाव व तारीख घालावयाची.

वेळेचीही अशीच गोष्ट आहे. प्रत्येक फाईलीवर ती केव्हा लिहिली गेली त्याचा शिक्का संगणक आपण होऊन मारीत असतो. एससीपीने उतरविलेल्या नकलेवर मात्र ती पोचल्याची वेळ पडते, मूळ वेळ पडत नाही. पहाटे साडेपाच वाजता लिहिलेली नोंद रात्री धाडली, तर गोंदियात ती रात्रीची दिसेल. हे टाळण्यासाठी आज्ञेच्या नावापुढे एक आडवी रेघ काढून तिला चिकटून ‘पी’ हे लहान रोमन अक्षर लिहितात. मग मूळ शिक्का कायम राहतो. तसेच ‘आर’ हे अक्षर लिहिले, तर एका फाईलीऐवजी संपूर्ण कप्पा आतील सर्व वस्तूंसह धाडला जातो. ही एकेकटी अक्षरे म्हणजे बिल्टीवरील शेरेच होत.

येथवर तार अखंड आहे, असे गृहीत धरले. पण गावातील जोडणी तुटते, हे आरंभीच सांगितले आहे. छायाचित्रांच्या मोठ्या फाईलीचा शेकडा ९० भाग गेला आणि तेवढ्यात वीज गेली, तर एससीपीला ती पुन्हा पहिल्यापासून धाडावी लागते. पुन्हा नव्वदावर वीज गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या शहरात ही केवळ गैरसोय आहे. दूरच्या गावात मात्र यामुळे काम कधी पुरेच होत नाही.

ही अडचण दूर करणारी युक्ती ऑस्ट्रेलियात निघाली. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी १९९६ मध्ये आरसिंक नावाचे साधन प्रसिद्ध केले. जे पलीकडे आधीच पोचले आहे ते पुन्हा धाडावयाचे नाही, हे त्याचे सूत्र आहे. सूत्र ऐकावयास सोपे. पण त्यात एक मोठी मेख आहे. पलीकडे काय पोचले आहे ते अलीकडून दिसत नाही. ते पाहावयाचे, तर सगळे इकडे मागवावे लागेल. आणि सगळे मागवावयाचे, तर सगळे धाडण्याइतकाच वेळ लागेल!

आरसिंक यातून असा मार्ग काढते. पलीकडील संगणक आपल्याजवळच्या जुन्या किंवा अर्धवट फाईलीचे सारखे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यातील अंकांवरून तो एक लहानशी खूण काढतो आणि केवळ या खुणा अलीकडे धाडतो. तुकडा मोठा, पण खूण लहान. त्यामुळे खुणा धाडावयास फारसा वेळ लागत नाही. अलीकडील संगणक आपल्या फाईलीत या खुणांचे तुकडे सापडतात काय, ते शोधतो. जे सापडतात ते पलीकडे आहेतच. त्यांच्याविषयी केवळ ‘तुझ्याकडील सातवा तुकडा येथे बसव’ एवढेच सांगावयाचे. जे सापडत नाहीत तेवढेच प्रत्यक्ष धाडावयाचे.

आता दुसरी मेख. समजा, नोंदीच्या अगदी आरंभी एकच नवी ओळ घातली. मग तिच्या खालील सर्व मजकूर थोडा थोडा पुढे सरकेल आणि तुकड्यांच्या सीमा जुळणार नाहीत. म्हणून अलीकडील संगणकाला प्रत्येक अक्षरापासून नवा तुकडा धरून खूण काढून पाहावी लागते. लाखो वेळा खूण काढावयाची, तर ती फार झटपट निघाली पाहिजे. यासाठी जी युक्ती योजिली आहे, ती बेरजेतील आहे. ४, ७, २, ९, ५ असे पाच अंक ओळीने आहेत आणि तुकडा तीन अंकांचा आहे, असे समजा. पहिल्या तुकड्याची बेरीज ४, ७ व २ यांची, म्हणजे १३. पुढचा तुकडा ७, २ व ९ यांचा. त्याची बेरीज पुन्हा पहिल्यापासून करावयाचे कारण नाही. १३ मधून गेलेला ४ वजा करावा, आलेला ९ मिळवावा, उत्तर १८. पुन्हा त्यातून ७ वजा करावा, ५ मिळवावा, उत्तर १६. तुकडा तीन अंकांचा असो की तीन हजारांचा, एक वजाबाकी व एक बेरीज यांत काम भागते. आरसिंकची खरी खूण याहून थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. पण तिचा जीव याच युक्तीत आहे. नुसत्या बेरजेवर विसंबता येत नाही, हेही खरे. ४, ७, २ आणि ७, ४, २ यांची बेरीज सारखीच येते. म्हणून बेरीज जुळली, की आरसिंक दुसरी एक अधिक कडक खूण तपासते आणि तीही जुळली तरच तुकडा एकच आहे, असे मानते.

आपल्या गटाने आता लिहावयाची ओळ अशी :

आरसिंक -ए -पी गणना/ सारस@गोंदिया:गणना/

यातील ‘ए’ मुळे कप्प्यातील सर्व फाईली त्यांच्या मूळ वेळेच्या शिक्क्यांसह जातात. ‘पी’ हे अक्षर येथे मोठ्या लिपीत लिहावयाचे असते. त्यामुळे तार तुटली तरी अर्धवट पोचलेला भाग पलीकडे टाकून दिला जात नाही. जोडणी परत आली, की हीच ओळ पुन्हा चालवावयाची. ज्या फाईलींचा आकार व वेळ दोन्हीकडे सारखी आहे, त्यांना आरसिंक हात लावीत नाही. अर्धवट राहिलेल्या फाईलीस ती जुनी नक्कल समजते आणि उरलेलेच तुकडे धाडते. दहा वेळा वीज गेली, तरी काम दहा पावलांनी पुढेच सरकते. पहिल्या ‘गणना’ शब्दानंतरची तिरपी रेघ मात्र विसरावयाची नाही. ती असली, तर कप्प्यातील वस्तू जातात; नसली, तर कप्पाच जातो, आणि गोंदियात ‘गणना’ कप्प्याच्या आत आणखी एक ‘गणना’ कप्पा तयार होतो. ज्याला धास्ती वाटते, त्याने आधी ‘एन’ हे अक्षर जोडून पाहावे. मग आरसिंक प्रत्यक्ष काही न करता, काय केले असते तेवढे सांगते. मूळ कप्प्यात नसलेली वस्तू पलीकडूनही पुसून टाकण्याचा एक शेरा या साधनास आहे. तो कामाचा असला, तरी गणनेसारख्या नोंदींच्या बाबतीत त्याच्या वाटेस न जाणे बरे.

तांदूळ मुक्कामी पोचला, की धनी कट्टे मोजतो आणि एखादा काट्यावर चढवून पाहतो. वजन भरले, तरी तांदूळ तोच आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. फाईलीसाठी याहून चोख काटा उपलब्ध आहे. एसएचए-२५६ या नावाची गणिती रीत कोणत्याही फाईलीवरून ६४ चिन्हांची एक मुद्रा काढते. फाईल एका ओळीची असो की हजार छायाचित्रांची, मुद्रा ६४ चिन्हांचीच. फाईलीतील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी संपूर्ण मुद्रा ओळखू न येण्याइतकी पालटते. वाटेत अंकांची उलटापालट झाली, तर एससीपी व आरसिंक या दोन्ही साधनांना ती सहसा आपोआप कळते. पण भलतीच फाईल धाडली, कालचीच नोंद आज पुन्हा गेली किंवा कप्प्यात एकाच नावाखाली दुसरीच नोंद येऊन बसली, तर ते त्यांना कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी माणसानेच मुद्रा पाहिली पाहिजे.

म्हणून शेवटची फाईल गेल्यावर गावातील गटाने आपल्या प्रत्येक फाईलीची मुद्रा काढावी, गोंदियातील संगणकावरही ती काढवून घ्यावी आणि दूरध्वनीवरून एकाने वाचावी, दुसऱ्याने पडताळावी. फाईलींची संख्या जुळली, मुद्रा जुळल्या आणि गावाचे नाव व वेळ बरोबर दिसली, म्हणजे मगच कॅमेऱ्यातील कार्ड दुसऱ्या दिवसाच्या पहाटेसाठी रिकामे करावयाचे असते.